छांग-अचं शौछाओबाओ दर वेळी का फसतं : लक्षणं, तपासण्या आणि हात कधी टेकायचे

मूल चीनमधल्या स्थानिक शाळेत असेल, तर सण जवळ आला की वीचॅटच्या वर्गगटावर निरोप येतोच : अमुक सणानिमित्त शौछाओबाओ करून आणा. म्हणजे एकाच कागदावर हाताने लिहिलेलं, चित्र काढलेलं भित्तिपत्रक. आपल्या शाळेतला तक्ता आणि हस्तलिखित यांच्या मधलं काहीतरी. इथली शाळा १ सप्टेंबरला सुरू होते. मध्य-शरदाचा सण चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला असतो, म्हणजे सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. त्यामुळे वर्षातलं पहिलं शौछाओबाओ बहुधा चंद्रावर गेलेल्या छांग-अ या देवीच्या दंतकथेचं असतं, आणि सगळ्यात जास्त फसतंही तेच. यीवू शहरात आमच्या आसपासची भारतीय मुलं अर्धे झालेले कागद घेऊन माझ्याकडे येतात. मुलं वेगळी, कागद वेगळे, बिघाड तोच. म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

लक्षणं

खालच्यापैकी काय दिसतंय ते आधी बघा. एकापेक्षा जास्त दिसतील, घाबरू नका.

- गोष्टीचा शेवट मावत नाही. शेवटच्या तीन ओळींत अक्षरं बारीक होत जातात आणि समासात चढतात. छांग-अ घरातच राहते, चंद्रावर पोचत नाही.
- शीर्षक आणि चित्राने पाऊण कागद खाल्लाय, मजकूर एका कोपऱ्यात अंग चोरून बसलाय.
- रंग भरताना काळी शाई ओढली जाते आणि आभाळ करडं होतं.
- कागद मधोमध फुगलाय, मागे डाग उमटलेत.
- हातात धरला की सुरेख, भिंतीवर लावला की मजकूर गायब.
- एक अक्षर दोन अक्षरांसारखं वाचलं जातं.
- बाईंनी लाल खुणा करून परत पाठवलाय : अक्षर चुकलंय, किंवा गोष्टीचाच मेळ बसत नाही.

पहिल्या दोन लक्षणांसाठी पालक माझ्याकडे ‘हिची चित्रकला कच्ची आहे’ असं म्हणत येतात. चित्रकलेचा त्यात काही संबंध नसतो. चित्र आधी काढलं आणि मजकूर उरलेल्या जागेत कोंबला, एवढंच झालेलं असतं. दुकानात जाऊन महागडे मार्कर आणण्याआधी खालच्या तपासण्या ओळीने करा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही.

१. निरोप पुन्हा वाचा

गटावर बाईंचा निरोप येतो आणि त्याखाली चाळीसेक पालकांची ‘मिळालं, मिळालं’ अशी रांग लागते. मूळ निरोप वर गाडला जातो आणि आपण आठवणीवर काम करतो. वर सरकवा आणि तो शब्दाशब्दाने वाचा. भाषांतराच्या बटणावर विसंबू नका, कागदाच्या मापाचं ते भलतंच काहीतरी करून टाकतं.

निरोपात पाच गोष्टी शोधायच्या : कागदाचं माप, आडवा की उभा, विषय फक्त दंतकथा की सगळा सण, नाव-वर्ग पुढे लिहायचं की मागे, आणि मूळ कागद द्यायचा की नुसता फोटो. माप सगळ्यात महत्त्वाचं. शाळा बहुतेक वेळा ‘बाखाय’ मागते. तो ड्रॉइंगचा कागद साधारण ३९ × २७ सेंमीचा असतो. ए-३ म्हणजे ४२ × २९.७ आणि ए-४ म्हणजे २९.७ × २१. घरात छपाईचा ए-४ पडलेला असतो म्हणून त्यावर सुरुवात झाली, तर जागा जवळपास निम्मी झाली. पुढच्या कुठल्याही तपासणीने ती परत मिळत नाही.

विषय तपासण्याचं कारण वेगळं आहे. नुसती ‘दंतकथा’ मागितली असेल तर मूनकेकची माहिती, कंदिलाची कोडी आणि सणाच्या कविता यांना जागा द्यायची गरजच नाही. अर्धी अडगळ इथेच निघते.

२. अक्षरं मोजा

बहुतेक बिघाडांचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बाखाय कागद घ्या. चारी बाजूंनी दीड सेंमी समास सोडला की उरतो ३६ × २४. वरचा पाच सेंमीचा पट्टा शीर्षकाला दिला, राहिला ३६ × १९, म्हणजे ६८४ चौरस सेंमी. त्यातला तिसरा हिस्सा चित्राला. मजकुरासाठी उरले सुमारे ४५६. तिसरी-चौथीतलं मूल एक सेंमीच्या घरात नीट लिहितं. दोन ओळींमधली फट धरली तर एका अक्षराला १.२ चौरस सेंमी लागतात. भागाकार केला की ३८० अक्षरं येतात. पण चिनी परिच्छेदाची सुरुवात दोन घरं रिकामी सोडून होते, विरामचिन्हाला स्वतःचं घर लागतं, चौकटींच्या मध्ये जागा जाते, ढगाच्या आकाराची चौकट असेल तर कडेची घरं वाया जातात. खरोखर हातात येतात २८० ते ३००.

पहिली-दुसरीतल्या मुलाला दीड सेंमीचं घर लागतं. त्याच कागदावर त्याची १२० ते १३० अक्षरंच मावतात.

आता मूल ज्यावरून उतरवतंय तो मजकूर मोजा. इंटरनेटवरून घेतलेली छांग-अची गोष्ट सहज सहाशे-सातशे अक्षरांची असते. तीनशेच्या जागेत सातशे! मग अक्षरं समासात चढणार नाहीत तर काय करतील?

उपाय म्हणजे गोष्ट छाटायची, आणि ती मुलाकडून छाटून घ्यायची. मी मुलांना आधी तोंडी सांगायला लावते, हवं तर मराठीत. सहा-सात वाक्यांत गोष्ट उभी राहते : एकदा आभाळात दहा सूर्य उगवले आणि पिकं करपली. धनुर्धर होउ यीने बाण मारून नऊ पाडले. शीवांगमू देवीने त्याला अमर होण्याचं औषध दिलं. तो घरी नसताना त्याचा शिष्य फंग मंग ते हिसकावायला आला. त्याच्या बायकोने, छांग-अने, ते स्वतःच पिऊन टाकलं आणि ती तरंगत चंद्रावर गेली. होउ यीने तिच्या आवडीची फळं आणि मिठाई अंगणात मांडली, आणि लोक त्या पौर्णिमेला चंद्राची पूजा करू लागले. चिनीत हे दीडशे अक्षरांच्या आसपास बसतं. पहिली-दुसरीला त्यातलंही एखादं वाक्य गाळा. तिसरीच्या पुढच्या मुलाला मग आणखी एका चौकटीला जागा उरते.

छाटलेला मजकूर एकदा कच्च्या वहीच्या घरांत लिहून काढा, किती ओळी झाल्या ते बघा, तेवढ्या ओळींची चौकट पेन्सिलीने आखा आणि मग उरलेल्या जागेत चित्र बसवा. क्रम हाच. मुलं नेमका उलटा धरतात, कारण चित्र काढायला मजा येते, आणि त्यांना कोण नाही म्हणणार? तरीही ठाम राहा. शीर्षकाचंही तेच : चार अक्षरं रंगवण्यात एक संध्याकाळ घालवायची म्हणजे नमनाला घडाभर तेल.

३. फोटो काढून काळा-पांढरा करा

कागद भिंतीला टेकवा, तीन पावलं मागे जा, फोनने फोटो काढा आणि त्यातले रंग काढून टाका. मजकूर वाचता आला नाही तर रंगसंगती चुकली. पिवळ्या स्केचपेनने पांढऱ्यावर लिहिलेलं आणि गडद निळ्या आभाळावर काळ्याने लिहिलेलं, ही दोन नेहमीची गिऱ्हाइकं. रात्र दाखवायची म्हणून मुलं सगळा कागद निळा करतात. आभाळ फक्त चित्राच्या भागात रंगवा, मजकुराच्या चौकटी पांढऱ्या किंवा अगदी फिक्या पिवळ्या ठेवा, लिहायला काळं नाहीतर गडद निळं पेन. शाळेला फोटोच पाठवायचा असेल तर ही तपासणी दुप्पट महत्त्वाची, कारण बाई तो फोनच्या पडद्यावर बघणार. तेलखडूवर वरून दिवा पडला की चमक येते, म्हणून फोटो दिवसा खिडकीच्या उजेडात काढा.

४. पेन आणि कागद यांचं पटतं का?

आता थोडा खर्च. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, दोन बोटं जागेत चाचणी घ्या : काळ्या पेनाने रेघ मारा, पाच मिनिटं थांबा, तिच्यावरून रंग फिरवा.

रेघ ओढली गेली तर ते पेन पाण्यात विरघळणारं आहे. शाळेत रोज वापरतात त्या ०.५ च्या जेल पेनाचं बऱ्याचदा असंच होतं. मजकुरासाठी ते उत्तम, पण चित्राच्या बाह्यरेषेला नको. बाह्यरेषेसाठी स्टेशनरीच्या दुकानात पाण्याने न विरघळणारं रेघेचं पेन वेगळं मागा. ते काही युआनला मिळतं. अल्कोहोलचे मार्कर मात्र पाण्याला दाद न देणारी शाईही कधीकधी ओढतात, म्हणून चाचणी प्रत्यक्ष वापरायच्या त्याच रंगाने करा. तेच मार्कर छपाईच्या पातळ कागदातून थेट टेबलावर उतरतात. मागे डाग आणि टेबलावर छांग-अ, हे त्याचंच. पाण्याचे स्केचपेन पातळ कागदावर तीनदा-चारदा फिरवले की वरचा थर सुटतो आणि लव निघते. जलरंग हवेच असतील तर जाड ड्रॉइंग कागद घ्या, कागद टेबलाला चारी कडांनी कागदी चिकटपट्टीने चिकटवा आणि पूर्ण वाळेपर्यंत काढू नका. कागद फुगतो तो एकच बाजू ओली होऊन ताणली गेल्यामुळे.

तेलखडूचा एक स्वभाव लक्षात ठेवा : त्याच्यावर पेन चालत नाही. मेणावर शाई धरत नाही, आणि पेनाचं टोकही बंद पडतं. म्हणून आधी लिहायचं, मग रंगवायचं.

सगळ्याचा क्रम असा : पेन्सिल, मजकूर पेनाने, बाह्यरेषा, शाई वाळू देणं, खोडरबर, रंग. शाई ओली असताना खोडरबर फिरला की काळा पट्टा ठरलेला.

आणखी एक कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या पोथीसारखं दिसावं म्हणून काही मुलं मजकूर उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे लिहितात. दिसतं छान. पण उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा तळवा तेव्हा नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरून फिरतो. शाई फरफटत असेल तर हाताखाली कोरा कागद ठेवा किंवा सरळ आडवं लिहा. शाळा आडव्याला कधीच नाही म्हणत नाही.

५. घरं आखली आहेत का?

‘अक्षर घाणेरडं आहे’ असं म्हणण्याआधी बघा, मूल कोऱ्या कागदावर लिहितंय का. वहीत त्याला घरं असतात, शिवाय आत मधली उभी-आडवी तुटक रेघ असते. कोऱ्या कागदावर तो आधार गेला की तेच मूल ओळ तिरकी नेतं.

नुसत्या आडव्या रेघा पुरत नाहीत, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. घरी देवनागरी लिहिणारं मूल अक्षर वरच्या रेघेला टांगतं. चिनी अक्षर घराच्या मधोमध उभं राहतं, वर-खाली हवा ठेवून. मुलाची ओळ वर चिकटलेली आणि खाली मोकळी दिसली की मी आधी विचारते, बाळा, आजीकडे मराठी चालू आहे का? पेन्सिलीने फिकी घरं आखून दिली की बहुतेकांचं लगेच सुधारतं.

घरांचा दुसरा उपयोग रुंदीला. चिनी अक्षराचे डावे-उजवे भाग लांब गेले की एका अक्षराची दोन होतात. छांग-अच्या नावात हा धोका फार मोठा, कारण दोन्ही अक्षरांत डावीकडे बाईचं चिन्ह आहे, आणि उजवीकडे एकात ‘नेहमी’ तर दुसऱ्यात ‘मी’ हे अक्षर. शीर्षक ऐसपैस रंगवलं की वाचणाऱ्याला दिसतं : बाई, नेहमी, बाई, मी. ‘तेजस्वी’ या अक्षरात सूर्य आणि चंद्र शेजारी-शेजारी असतात. तेही असंच फाटतं, आणि या सणाच्या मजकुरात ते हमखास येतं. शीर्षकाला चार सेंमीची घरं आखा, डावा भाग घराच्या एक तृतीयांशात मावला पाहिजे.

६. गोष्ट आणि अक्षरशुद्धता

इथून पुढे वेळ जातो आणि चिनी यावं लागतं. पण बाईंच्या लाल खुणा बहुतेक इथेच पडतात.

आधी पाठभेद. ‘ह्वायनानत्सु’ या इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या ग्रंथात छांग-अ औषध चोरून चंद्रावर पळते, फंग मंगचा पत्ताच नाही. मुलांच्या पुस्तकांत ती नवऱ्याच्या पाठीमागे औषध वाचवण्यासाठी ते पिते. मूल दोन ठिकाणांहून उतरवतं, मग पहिल्या परिच्छेदात चोर आणि दुसऱ्यात त्यागमूर्ती. कुठलाही एक पाठ धरा. प्राथमिक शाळेत फंग मंगवाला धरा, कारण बाईंनी तोच सांगितलेला असतो. चंद्रावर लाकूड तोडणारा वू गांग मुळात या गोष्टीतला नव्हेच. नवव्या शतकातल्या त्वान छंगशीच्या संग्रहात तो येतो : झाडावर कुऱ्हाड मारायची आणि घाव लगेच भरून यायचा. त्याला घ्यायचं तर वेगळी छोटी चौकट द्या, छांग-अच्या परिच्छेदात कोंबू नका.

मग चित्र आणि मजकूर जुळतात का ते बघा. मुलं चंद्रकोर काढतात, कारण कोर सोपी आणि सुंदर. हा सण पौर्णिमेचा आहे, चंद्र गोल हवा. सूर्य मोजा : होउ यी धनुष्य ताणून उभा असेल तर दहापर्यंत कितीही चालतील, पण तो बाण मारून मोकळा झाला असेल तर आभाळात एकच. चंद्रावरचा ससा हवा, उखळात औषध कुटणारा. बाकी हंस, मोर, कमळं काढायला हरकत नाही, पण ती त्याची जागा खातात.

अक्षरांत तीन सापळे आहेत. होउ यीमधलं ‘यी’ : वर पंखांचं चिन्ह, आणि खाली एक आडवी व तिला छेदून जाणाऱ्या दोन रेघा. मुलं खाली एक आडवी रेघ जास्त देतात. दुसरा सापळा फोनचा. फोन पारंपरिक लिपीवर असेल, किंवा मजकूर तैवान-हाँगकाँगच्या पानावरून घेतला असेल, तर अक्षरं जुन्या वळणाची येतात आणि मुख्य भूमीवरच्या शाळेत ती चूक धरतात. त्यातही गंमत अशी की आपोआप रूपांतर करणारं यंत्र होउ यीच्या ‘होउ’चं कधीकधी ‘नंतर’ या अर्थाचं अक्षर करून टाकतं, आणि ते पारंपरिक लिपीतसुद्धा चूकच असतं.

तिसरा सापळा चौथीसाठी. पहिल्या सत्राच्या भाषेच्या पुस्तकात पुराणकथांचे धडे आहेत : आभाळ-जमीन वेगळी करणारा फानकू, चिंगवेइ पक्षी, आभाळ सांधणारी न्युवा. समुद्रात बुडून चिंगवेइ पक्षी झालेली मुलगी आणि आभाळ सांधणारी देवी यांची नावं बोलताना जवळजवळ सारखीच, फक्त सूर वेगळा. लिहिताना मुलीच्या नावात उजवीकडे मातीचं चिन्ह एकावर एक दोनदा येतं, देवीच्या नावात उजवीकडे वर तोंडाचं चिन्ह. शौछाओबाओ या धड्यावर असेल तर पहिलं हेच अक्षर तपासा.

छांग-अचंच नाव दिलेल्या चिनी चांद्रयानांची चौकट हल्ली बऱ्याच शाळांना आवडते, आणि तिथे आकडे सर्रास मिसळतात. छांग-अ १ गेलं २००७ मध्ये. छांग-अ ३ ने २०१३ मध्ये यूथू ही गाडी उतरवली, तिचं नाव त्या सशावरूनच. छांग-अ ४ हे ३ जानेवारी २०१९ रोजी चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरलं. माती आणली ती ५ ने, डिसेंबर २०२० मध्ये, आणि पलीकडच्या बाजूची माती ६ ने, २०२४ मध्ये. मुलं ४ च्या नावावर माती लिहितात. तो नंबर एकदा बोट ठेवून बघा.

दुसऱ्या गोष्टींचं थोडक्यात. पाचवीला गोपाळ आणि विणकर मुलीची कथा असते. तिच्यात नदीवर पूल बांधतात ते मॅगपाय पक्षी, आणि मुलं चिमण्या नाहीतर कबुतरं काढतात. मॅगपाय काळा-पांढरा आणि लांब शेपटीचा असतो. श्वेतसर्पिणीच्या कथेत ठिकाणं घसरतात : तिला कोंडलं तो लेइफंग मनोरा हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठी, आणि तिने पाणी चढवलं ते चिनशान मंदिर चन्च्यांगमध्ये. फोटो पाहून काढत असाल तर जुना मनोरा १९२४ मध्ये कोसळला, आजचा २००२ चा आहे.

आपला स्वतःचा कोपरा हवा का, हे आया नेहमी विचारतात. हवा, पण मुख्य गोष्ट मावल्यावर. कधीकधी कोजागिरी आणि हा सण एकाच रात्री येतात, २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला आले होते. मसाला दुधाचा पेला आणि तीस अक्षरं, बाई खूश होतात.

७. कागद वाया न घालवता दुरुस्ती

एखाद-दुसरं अक्षर चुकलं असेल तर पांढरी चिकटपट्टी चालते, पण फक्त पांढऱ्या चौकटीत. रंगीत भागावर ती डोळ्यांत खुपते. पूर्ण परिच्छेद बिघडला असेल तर त्याच जातीच्या कागदावर तो पुन्हा लिहा, ढगाच्या किंवा उलगडलेल्या गुंडाळीच्या आकारात कापा आणि वरून चिकटवा. कड गडद रेघेने रंगवली की ठिगळ आहे असं वाटत नाही, मुद्दाम केल्यासारखं दिसतं. गोंद पातळ नको, कागद फुगतो. कांडीचा गोंद घ्या आणि वर जाड पुस्तक ठेवून रात्रभर दाबा.

शेवट मावला नसेल तरी हाच उपाय : शेवटचे दोन परिच्छेद झाकून छाटलेला शेवट वरून लावायचा. चित्राचा तुकडा झाकला गेला तरी चालेल. गोष्ट पूर्ण झाली पाहिजे.

८. नवा कागद

दोन मोठे बिघाड एकत्र असतील, म्हणजे कागद फुगलाय आणि गोष्टही चुकलीय, तर ठिगळं लावू नका. नवा कागद घ्या. जुन्यातलं चित्र चांगलं असेल तर कापून नव्यावर चिकटवा, मुलाची मेहनत वाचते. मजकूर छाटून, मोजून हाताशी असेल तर नवं शौछाओबाओ दोन संध्याकाळी होतं. मजकूर मोजलेला नसेल तर नवा कागदही तिसऱ्या ओळीपासून तसाच जाणार, तेव्हा आधी २ नंबरवर जा.

ऑनलाइन दुकानांत कोरलेल्या खाचांचे प्लास्टिकचे साचे मिळतात, पेन्सिल फिरवली की छांग-अ तयार. पहिली-दुसरीला चौकटी आखण्यापुरते घ्या. पण वर्गात एकाच साच्यातल्या दहा छांग-अ भिंतीवर लागतात, आणि बाईंना साचे आपल्यापेक्षा चांगले ओळखता येतात. तयार शौछाओबाओ विकत घेऊ नका, स्वतः काढूनही देऊ नका. जुलै २०२१ च्या सरकारी ‘श्वांग-च्येन’ (दुहेरी कपात) धोरणाने पहिली-दुसरीचा घरचा लेखी अभ्यास बंद केला आणि तिसरी ते सहावीला दिवसाला सरासरी ६० मिनिटांची मर्यादा घातली. तुमचं मूल रात्री दहाला रंगवत बसलं असेल तर चूक त्याची नाही, काम मोठं झालंय. बाईंना तसं सांगायला लाजू नका.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

गोष्टीच्या पाठाबद्दल किंवा अक्षराबद्दल शंका असेल आणि घरात चिनी वाचणारं कोणी नसेल, तर अंदाजाने पक्कं करू नका. पेन्सिलीचा कच्चा मसुदा भाषेच्या बाईंना वीचॅटवर खाजगीत पाठवा, गटावर नको. ‘लाओशी (म्हणजे बाई), एवढी अक्षरं एकदा बघता का’ एवढं पुरतं. मसुद्यावर खूण करायला त्यांना दोन मिनिटं लागतात. पक्क्या कागदावर तीच खूण झाली तर मुलाची एक संध्याकाळ जाते.

कागद मोठा करायचा, स्कॅन करायचा किंवा प्लास्टिकमध्ये बंद करायचा असेल तर शाळेच्या फाटकाजवळच्या छपाईच्या दुकानात जा. घरी इस्त्रीने प्लास्टिक चिकटवायच्या भानगडीत पडू नका. तेलखडू वितळतो, आणि मग काहीच वाचत नाही. जाड तेलखडू आणि चिकटवलेले तुकडे यंत्रात घालण्याआधी दुकानदाराला दाखवा. तो नको म्हणाला तर ऐका, आधी स्कॅन करून त्याची प्रत प्लास्टिकमध्ये घाला.

आणि एक बिघाड शौछाओबाओचा नसतोच. घरं आखून दिली, मजकूर छाटला, पेन बदललं, तरी मूल समोरचं अक्षर बघून उतरवू शकत नाही, वरचेवर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी काढतं, दोन ओळींत हात दुखतो म्हणतं, कागद नाकाशी नेतं. वहीतही हेच होत असेल तर आणखी सराव लादू नका. आधी डोळे तपासून घ्या, ते सगळ्यात सोपं. डोळे ठीक निघाले तर वर्गशिक्षिकेशी बोला आणि मुलांच्या डॉक्टरांना वह्या दाखवा. जाताना चांगली पानं निवडून नेऊ नका, नेहमीची न्या. मराठी लिहीत असेल तर ती वहीही न्या, अडचण चिनीपुरती आहे की लिहिण्याचीच, हे त्यावरून डॉक्टरांना लवकर कळतं.